कॉस्टसचं वळण

कॉस्टस बघायचा तो वरून. आल्याच्या नात्यातलं हे कुंडीतलं झाड. कुंडी जमिनीवर ठेवावी, दांड्याच्या शेंड्यावर ओणवं व्हावं आणि नजर सरळ खाली सोडावी. एका पानाखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं, पण प्रत्येक जरासं बाजूला सरकलेलं. गोल जिन्याच्या पायऱ्या मधल्या खांबाभोवती फिरत उतरतात, तशी ही पानं दांड्याभोवती फिरत खाली जातात. बाजूनं बघितलं तर तोच दांडा आधी एकीकडे झुकलेला आणि मग स्वतःला सावरून दुसरीकडे गेलेला दिसतो. फूल असो वा नसो, याची ओळख इथेच पटते. हे झाड घरात ठेवण्याचं माझं कारणही हेच आहे. फुलं वर्षातले काही आठवडे असतात, वळण बारा महिने.

आलं, हळद, सोनटक्का या नातेवाइकांशेजारी कॉस्टस ठेवला की फरक लगेच कळतो. त्यांची पानं दोन रांगांत येतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, सगळी एकाच पातळीत. कॉस्टसच्या पानांची रांग एकच, आणि ती रांगच दांड्याभोवती गुंडाळलेली. वनस्पतिशास्त्रात याला वेगळा दर्जा आहे, कारण पानं सर्पिल मांडणाऱ्या बहुसंख्य वनस्पती लागोपाठच्या दोन पानांत साधारण 137.5 अंशांचा कोन ठेवतात. त्या कोनामुळे कुठलंच पान दुसऱ्याच्या नेमकं डोक्यावर येत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा तुकडा येतो. कॉस्टसमध्ये हा कोन कितीतरी लहान असतो, बरेचदा 60 अंशांच्याही आत. म्हणजे पुढचं पान आधीच्या पानाला जवळजवळ खेटून येतं आणि त्याच्यावर थोडी सावलीही धरतं. पुस्तकी हिशेबानं ही मांडणी तोट्याची. तरीही कॉस्टसच्या कुळात सुमारे 140 जाती आहेत आणि अमेरिका, आफ्रिका, आशिया अशा तिन्ही खंडांच्या उष्ण जंगलांत, दाट झाडीच्या तळाशी, जिथे उजेडाची सगळ्यात जास्त मारामार, तिथे त्या सुखानं नांदतात.

कुंडीतल्या झाडाकडे बघत राहिलं की या तोट्याची थोडी भरपाई कशी होते ते दिसतं. पानंच फिरतात असं नाही, दांडाही फिरतो. तो वळत गेल्यामुळे पानं वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या अंतरावर पसरतात आणि मध्ये उजेडाला वाट मिळते. काही दांडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं चढतात, काही उलट. एकाच कुंडीत दोन्ही सापडतात, आणि दोन उलट वळणांचे दांडे शेजारी वाढले की ती जोडी बघायला भलतीच छान दिसते.

याला स्पायरल जिंजर म्हणतात खरं, पण आल्याच्या कुळातून तो कधीच बाहेर पडला आहे. पूर्वी तो आल्याच्याच कुळाची एक शाखा मानला जायचा. 1941 साली जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाई यांनी त्याचं स्वतंत्र कुळ मांडलं आणि पुढे ते सर्वमान्य झालं. घरबसल्या खात्री करायची तर पान चुरगळून वास घ्यावा. आल्या-हळदीच्या पानाला वास असतो, कॉस्टसच्या पानाला नुसता हिरवेपणा. दुसरी खूण पानाच्या बुडाशी असते. तिथे पानाची खोळ दांड्याभोवती पूर्ण बंद नळीसारखी बसलेली असते. आल्याच्या पानाची खोळ एका बाजूनं उघडी असते, ती सोलून काढता येते. कॉस्टसची खोळ फाडावीच लागते. ही बंद खोळ लक्षात ठेवावी, दांड्याची काडी लावून रोप करताना तिचा संबंध येणार आहे.

फुलाचीही गंमत आहे. ज्याला आपण मोठी पाकळी समजतो ती पाकळी नसतेच. या फुलात सहा पुंकेसर असायला हवेत. त्यातला एकच परागकण देतो. उरलेले पाच वांझ असतात आणि ते एकमेकांना चिकटून तो मोठा, झालरीचा ओठ तयार करतात. खऱ्या पाकळ्या त्याच्या मागे बापुडवाण्या उभ्या असतात. आल्याच्या फुलात असा ओठ दोनच वांझ पुंकेसरांचा बनतो. कॉस्टसचं एकेक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. मात्र फुलोऱ्यातून रोज एखाद-दुसरं नवं फूल बाहेर येत राहतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की फूल आठवडे न् आठवडे उभं आहे.

आता घरात कुठला आणायचा? इथे मी जरा हट्टी आहे. रानात उगवणारं पेव, म्हणजे हेलेनिया स्पेसिओसा, दिसायला राजबिंडं आहे. लाल छदांच्या, म्हणजे फुलाखालच्या खवल्यांसारख्या पानांच्या, शंकूतून बाहेर येणारं पांढरंशुभ्र, चुरगळल्यासारखं फूल, मध्ये पिवळी छटा. भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून ते थेट ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडपर्यंत ते नैसर्गिकपणे वाढतं. पण त्याचा दांडा सहज दोन-तीन मीटर जातो, आणि कोरड्या दिवसांत ते पानं गाळून कंदात जाऊन झोपतं. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी ते जरूर लावावं. खोलीत छताला टेकणारं आणि वर्षातले काही महिने नुसती माती दाखवणारं झाड मला तरी नको. शिवाय जिथे ते मूळचं नाही, तिथे ते पसरतंही. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर ते उपद्रवी ठरलं आहे. तेव्हा उपटलेले कंद कुठेतरी ओढ्याकाठी भिरकावून देऊ नयेत.

खोलीसाठी माझी पहिली पसंती कॉस्टस मालोर्टिएनसला. मध्य अमेरिकेतल्या जंगलाच्या तळाशी वाढणारी ही जात. मीटरभराच्या आसपास थांबते, मऊ लव असलेल्या रुंद पानांवर गडद-फिकट हिरव्या पट्ट्या असतात आणि सावलीची सवय तिला मुळातच असते. पट्ट्यांमुळे पानांचं वळण दुरूनही उठून दिसतं. त्याहून लहान हवा असेल तर केमीकॉस्टस कस्पिडेटस, ब्राझीलचा, गुडघाभर उंचीचा, भडक नारिंगी फुलांचा. उंच चालत असेल आणि खिडकीही मोठी असेल तर कॉस्टस कोमोसस. लाल छदांचा मनोरा, त्यातून डोकावणारी पिवळी फुलं आणि पानाच्या मागच्या बाजूला मखमली लव. कॉस्टस वुडसोनाय हा किनाऱ्यालगत वाढणारा, लाल कळीसारखा फुलोरा धरणारा. त्याला ऊन जरा जास्त चालतं. स्टेनोफिलस नावाची एक जात आहे, तिचे दांडे बांबूसारखे पट्ट्यापट्ट्यांचे आणि पानं अरुंद असतात. हाताशी आली तर सोडू नये.

इन्सुलिनचं झाड म्हणून जे हातोहात फिरतं, तेही याच कुळातलं. कधी तो कॉस्टस पिक्टस असतो, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेचा, पिवळ्या फुलावर लाल रेघा असलेला. कधी वर सांगितलेला कस्पिडेटस असतो, ज्याचं जुनं नाव कॉस्टस इग्नियस. दोघांची सरमिसळ इतकी आहे की फूल येईपर्यंत नक्की काही सांगू नये. पानात इन्सुलिन नसतं, आणि असतं तरी गिळलेलं इन्सुलिन पोटात पचून जातं. इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते म्हणूनच. कुंडीतलं झाड म्हणून पिक्टस उत्तम, काटक आणि भराभर वाढणारा. मात्र त्याच्या पानांच्या भरवशावर कोणी औषध कमी-जास्त करू नये.

उजेडाबद्दल मी सविस्तर बोलणार, कारण कॉस्टसची सगळी शोभा उजेडावर ठरते. भरपूर पण गाळून आलेला उजेड हवा. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळालं तर झाड खूश असतं. दुपारचं कडक ऊन पानांवर फिके, भाजल्यासारखे डाग पाडतं आणि मग ते डाग जात नाहीत. उजेड कमी पडला तर मात्र आधी काहीच कळत नाही. पानं हिरवीगार राहतात, उलट जास्तच गडद होतात, आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. लक्ष पेरांकडे ठेवावं. दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं, दांडा बारीक होत गेला आणि वळण सैल पडून झाड नुसतं खिडकीकडे कलायला लागलं, की उजेड अपुरा आहे हे समजावं. चांगल्या उजेडात वाढलेल्या दांड्याची वळणं घट्ट असतात.

कुंडी फिरवायची की नाही यावर झाडं पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. मी न फिरवणाऱ्यांतला नाही, पण सारखी फिरवणाऱ्यांतलाही नाही. दांड्याला स्वतःचं वळण आहे आणि वरून खिडकीची ओढ आहे. दोन्हींची ओढाताण होऊन जो आकार बनतो तो दर आठवड्याला कुंडी फिरवल्यावर गोंधळतो. महिन्या-दोन महिन्यांनी पाव फेरी दिली की पुरतं. आणि काठी लावून दांडा सरळ बांधणं हा प्रकार तर मला बघवतच नाही. वाकडं वाढण्यासाठीच आणलेलं झाड सरळ करायचं असेल तर सरळ वाढणारी शेकडो झाडं आहेत. लांब दांडा फुलोऱ्याच्या वजनानं पारच आडवा होत असेल तर बुडाशी एक सैल दोरी ठीक, पण त्याहून जास्त काही नको.

बाकी निगा थोडक्यात सांगून टाकतो. माती भुसभुशीत आणि पाणी धरणारी, पण तुंबू न देणारी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू. कंद आडवा पसरतो म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी. वरची माती सुकायला लागली की पाणी. तहान लागली की पानं लांबीच्या दिशेनं कडा आत घेतात, ही खूण अगदी विश्वासाची आहे. हवा कोरडी असली की पानांची टोकं तपकिरी होतात. पाण्यात क्षार फार असले तरी तसंच होतं. एसीच्या थेट झोतात ठेवलं तर टोकं हमखास जळतात. 15 अंशांखाली वाढ थांबते, 10 अंशांखाली नुकसान सुरू होतं. वाढीच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी अर्ध्या ताकदीचं द्रवखत द्यावं, थंडीत बंद करावं.

आता रोपं कशी करायची ते. कंद फोडून रोपं करणं सगळ्यांना माहीत असतं आणि ते सोपंही आहे. वाढ सुरू होण्याच्या सुमारास गड्डा बाहेर काढायचा, प्रत्येक तुकड्याला एक दांडा किंवा निदान एक फुगलेला कोंब राहील असा कापायचा, कापलेली बाजू दिवसभर सुकू द्यायची आणि लावायचा. रोप लवकर मोठं होतं. पण एका गड्ड्यातून दोन-तीनच रोपं मिळतात आणि मूळ झाडाचा आकार काही महिने बिघडतो. दांड्याचे तुकडे लावण्यात जी मजा आहे ती यात नाही.

दांडा निवडताना पिकलेला घ्यावा. बोटानं दाबून घट्ट लागणारा, शक्यतो फुलून गेलेला. शेंड्याकडचा कोवळा, पाणीदार भाग कुजतो. तो वेगळा काढावा, त्याचं काय करायचं ते पुढे बघू. दांडा बुडाशी कापला की आधी पानं काढून टाकायची आणि मग त्या बंद खोळींच्या मागे लागायचं. नखानं खोळीला उभी चीर द्यायची आणि ती गोल फिरवत काढायची. खोळीच्या आत बरेचदा पाणी साठलेलं असतं, कधी एखादा पांढरा पिठ्या ढेकूणही दडलेला असतो. खोळ तशीच ठेवून तुकडा मातीत घातला तर कूज तिथूनच सुरू होते.

खोळ निघाली की दांडा गुळगुळीत, ओला आणि फिकट हिरवा दिसतो. पानाच्या जागी एक गोल कडं उरलेलं असतं. त्या कड्याच्या किंचित वर, ज्या बाजूला पान होतं त्या बाजूला, दांड्याला चपटा चिकटलेला एक लहानसा त्रिकोण असतो. हाच डोळा. रंग दांड्यापेक्षा थोडा फिका, कधी लालसर. बोटाचं टोक फिरवलं तर उंचवटा लागतो. वरच्या कड्याकडे गेलं की पुढचा डोळा सापडतो, पण त्याच रेषेत नाही, जरा सरकून. मग त्याच्या पुढचा, आणखी सरकून. पानं ज्या जिन्यावरून उतरली होती त्याच जिन्यावर डोळे बसलेले आहेत.

तुकडा किती लांब कापायचा हे या वळणावरूनच ठरतं. तुकडा आपण आडवा ठेवणार, म्हणजे काही डोळे वर राहणार आणि काही मातीत दबणार. दबलेले डोळे फुटतात, पण उशिरा, आणि मातीखाली ओल जास्त झाली तर कुजतात. डोळे दोन रांगांत असते तर दोन पेरांचा तुकडा पुरला असता, कारण एक बाजू खाली गेली की दुसरी आपोआप वर. इथे रांग एकच आणि एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण 50 अंश धरले, तर दोन-तीन पेरांचे सगळे डोळे एकाच अंगाला असू शकतात. पाच पेरांचा तुकडा घेतला की डोळे अर्ध्या वर्तुळापेक्षा थोडे जास्त फिरलेले असतात, म्हणजे तुकडा कसाही टाकला तरी एखादा डोळा वरच्या अंगाला येतोच. दांडा आखूड असेल आणि दोन-तीन पेरांचेच तुकडे करायचे असतील तर हरकत नाही. फक्त आधी डोळे शोधायचे आणि तुकडा तसा वळवून ठेवायचा. एरवी ‘कॉस्टसच्या काड्या लागत नाहीत’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बरेचदा एवढंच असतं, की सगळे डोळे तोंड खाली करून पडलेले असतात.

तुकडे सावलीत काही तास सुकू द्यावेत. पसरट ट्रेमध्ये कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतपत ओलं. तुकडा त्यात अर्धा रुतेल असा आडवा दाबायचा, वरचं अंग उघडं ठेवायचं. वर पारदर्शक झाकण, दिवसातून एकदा थोडा वेळ उघडायचं. 25 ते 30 अंशांच्या उबेत तीन ते आठ आठवड्यांत डोळे हलतात. थंडीत हेच काम दुप्पट वेळ खातं आणि कुजण्याचा धोका वाढतो, म्हणून घाई असली तरी ऊब येईपर्यंत थांबावं.

आधी तो चपटा त्रिकोण फुगतो, मग त्याला टोक येतं. कोंब बोटाच्या पेराएवढा झाला तरी बरेचदा त्याला एकही मूळ नसतं. तो अजून जुन्या दांड्यातल्या साठ्यावर जगत असतो. मुळं बहुतेक नव्या कोंबाच्या बुडातून फुटतात. म्हणून कोंब दिसला की लगेच वेगळा करायचा मोह आवरावा. तीन-चार पानं उघडली, हलकं ओढून बघितल्यावर कोंबानं जागा सोडली नाही, तर त्याला जुन्या दांड्याच्या तुकड्यासकट उचलून कुंडीत लावावं. तुकडा पुढे आपोआप सुरकुततो आणि मातीत मिसळून जातो. नव्या रोपाची पहिली एक-दोन पानं कुठल्याही झाडाची वाटावीत अशी असतात. चौथ्या-पाचव्या पानाला ती सरकायला लागतात.

बाजूला काढलेल्या शेंड्याचं आता. वरची दोन-तीन पानं ठेवून, तीही निम्मी छाटून, तो ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात, उभा लावावा. पाण्याच्या ग्लासात ठेवलेल्या शेंड्यालाही मुळं येतात आणि ती येताना बघायला मिळतात, हा एक फायदा. पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर झाड रुसतं. मी मॉसच्या बाजूनं मत देईन. नुसतं पान लावून मात्र काही होत नाही. डोळा दांड्यावर असतो, पानावर नाही.

फुलोऱ्यापासूनही रोपं मिळतात, आणि हा प्रकार फारसा कोणी करून बघत नाही. फुलं संपली तरी फुलोरा हिरवा राहतो. कित्येक जातींत त्याच्या छदांच्या बगलेतून किंवा फुलोऱ्याच्या अगदी खालून लहानशी रोपं फुटतात, कधी कधी दांड्यावर असतानाच. ती आपणहून नाही फुटली तर फुलोरा खालच्या तीन-चार इंच दांड्यासकट कापून ओल्या कोकोपीटवर आडवा ठेवावा. यातून निघणारी रोपं सुरुवातीला केसासारखी बारीक असतात आणि दांड्याच्या तुकड्यांपेक्षा मागे राहतात, पण संख्येनं जास्त असतात.

बियांचा मार्ग घरात जवळजवळ बंदच असतो. अमेरिकेतल्या कॉस्टसच्या काही जाती हमिंगबर्डसाठी बनलेल्या आहेत, त्यांची फुलं अरुंद, नळीसारखी, लाल-पिवळी. काही ऑर्किड मधमाश्यांसाठी, त्यांचा ओठ रुंद, उतरायला जागा असलेला आणि आत मधाची वाट दाखवणाऱ्या रेघा. खोलीत दोघंही येणार नाहीत. हौस असेल तर सकाळी, फूल ताजं असताना, टूथपिकच्या टोकानं परागकोशावरचा पराग घेऊन वरच्या कपासारख्या कुक्षीत ठेवावा. एकाच जातीची दोन वेगळ्या मुळांची झाडं असतील तर फळ धरण्याची शक्यता वाढते. बी काळं, त्यावर पांढरा मांसल गर. गर धुऊन काढून ताजंच पेरावं. एकाच दांड्यापासून केलेली रोपं म्हणजे तेच झाड पुन्हा. नवीन काही हवं असेल तर बी हा एकच रस्ता आहे, आणि तो लांबचा आहे.

फुलोरा आला की मुंग्या येतात. यावर लोक लगेच कीटकनाशक काढतात, तेव्हा थोडं थांबावं. कॉस्टसच्या छदांवर, फुलाबाहेर, मधाच्या ग्रंथी असतात. काही जातींत तो थेंब भिंगाशिवायही चमकताना दिसतो. डग्लस शेम्स्के या अमेरिकन अभ्यासकानं पनामात कॉस्टस वुडसोनायवर काम करून 1980 साली दाखवलं की या थेंबासाठी येणाऱ्या मुंग्या फुलोऱ्यात अंडी घालायला येणाऱ्या एका माशीला पिटाळतात. त्या माशीच्या अळ्या बिया खातात. मुंग्या हटवल्या तर बियांचं नुकसान वाढतं. म्हणजे झाड मुंग्यांना पगार देतं. आपल्या खोलीत ती माशी नाही, त्यामुळे रखवालदार बिनकामाचा बसून पगार घेतो, पण झाडाचं त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते मुंग्या खोळींच्या आत ये-जा करायला लागल्या तर. तिथे मध नसतो. तिथे पिठ्या ढेकूण असतात आणि मुंग्या त्यांना सांभाळत असतात. तेव्हा मुंगी कुठे जाते ते आधी बघावं. पिठ्या दिसला तर खालच्या वाळलेल्या खोळी सोलून काढाव्यात आणि दांडा साबणाच्या पातळ पाण्यानं पुसावा. कोरड्या हवेत पानामागे लाल कोळीही येतात. आठवड्यातून एकदा पानं मागून धुतली तर ते टिकत नाहीत.

प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. फुलून गेला की तो लगेच मरत नाही, महिनोन्‌महिने हिरवा उभा राहतो आणि मग खालून पिवळा पडत जातो. शेजारी कंदातून नवा कोंब आलेला असतो आणि गड्डा एका दिशेला सरकत असतो, इतका की दोनेक वर्षांत झाड कुंडीच्या काठाला जाऊन टेकतं. जुना दांडा पिवळा पडेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. तो हिरवा आणि भरलेला असतानाच कापावा, म्हणजे छाटणी आणि काड्यांची तयारी एकाच वेळी होते.

ट्रे भरला की चिठ्ठ्या लावायच्या, आणि इथे जरा डोकं चालवावं लागतं. या कुळातली नावं कुठल्याही वर्षी बदलू शकतात. पेवाचंच बघा. दोन शतकं ते कॉस्टस होतं, 2006 मध्ये चेलोकॉस्टस झालं, आणि 1791 पासून हेलेनिया हे नाव पडून होतं हे ध्यानात आल्यावर 2013 मध्ये हेलेनिया. कॉस्टस बार्बेटस या दुसऱ्या जातीच्या नावानं विकलं जाणारं बरंचसं कोमोसस निघतं. 2023 साली वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल मास आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या या कुळाच्या 18 नव्या जाती एकाच निबंधात मांडल्या. हयातभर याच कुळावर काम केलेल्या माणसालाही अजून नवं सापडतंय, तर आपल्या चिठ्ठीवरचं नाव पक्कं असेल असं कसं म्हणणार? म्हणून मी नावाखाली काडी कोणत्या झाडाची, छदांचा रंग, फुलाचा रंग, पानामागे लव आहे की नाही, एवढं लिहून ठेवतो. शाई पाण्यानं पुसली जाते, तेव्हा पेन्सिलच वापरावी.